रंगातील वाळू : किहीमच्या पुळणीच्या संदर्भात पोतचित्रणाचा आंतरविद्याशाखीय विचार

सारांश

रंगात वाळू मिसळून चित्रपृष्ठाला खरखरीत पोत देण्याची पद्धत आज कला महाविद्यालयांपासून हौशी चित्रकारांपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. तथापि या पद्धतीचा विचार बहुधा केवळ दृश्य परिणामाच्या अंगाने केला जातो. वाळू कोठून आली, ती कशाची बनली आहे आणि ती चित्राला किती काळ धरून राहील, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील किहीम येथील किनाऱ्याची वाळू डोळ्यांसमोर ठेवून कलेतिहास, भूविज्ञान, रसायनशास्त्र आणि गवंडीकाम या चार अंगांनी या पद्धतीचे विवेचन केले आहे. रंगात वाळू मिसळली की चित्र हे भिंतीच्या गिलाव्याचे नियम पाळू लागते, म्हणून चित्रकाराने गिलाव्याचे ज्ञान आत्मसात करणे अगत्याचे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पोत, वाळू, बंधक, गिलावा, लोणा, किहीम, अजिंठा, रांगोळी.

१. प्रस्तावना

अलिबाग तालुक्यातील किहीम हे गाव मराठी वाचकाला दोन कारणांनी परिचित असते. एक म्हणजे नारळी-सुरूच्या सावलीतला तेथील समुद्रकिनारा आणि दुसरे म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा तेथील मुक्काम. १९३० साली त्यांनी किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यातून या पक्ष्याच्या वीण-पद्धतीविषयी नवी माहिती जगापुढे आली. त्यांनी निरीक्षणासाठी निवडलेला पक्षी दुर्मिळ नव्हता, रोज दिसणारा होता. हाताशी असलेली सामान्य गोष्ट शास्त्रीय शिस्तीने पाहिली तर ती ज्ञानाचा विषय होते, हा त्या कामाचा धडा आहे.

किहीमच्या किनाऱ्यावरील वाळू ही तशीच एक सामान्य गोष्ट आहे. कोकणात किनाऱ्याच्या वाळूला आणि वाळूच्या पट्ट्यालाही ‘पुळण’ म्हणतात. सहलीला आलेला विद्यार्थी ओंजळभर पुळण पिशवीत भरून नेतो, ती रंगात कालवून कॅनव्हासवर थापतो आणि चित्राला ‘पोत’ आला म्हणून समाधान मानतो. पुढे एक-दोन पावसाळ्यांनंतर त्या चित्रावर पांढरी बुरशीसारखी झाक येते, कण सुटू लागतात, रंगाचे पापुद्रे निघतात. ओल, कॅनव्हास किंवा रंग यांना दोष देऊन हा प्रश्न सोडून दिला जातो. वास्तविक याचे कारण बहुतेक वेळा वाळूतच असते आणि ते आधी ओळखता येते. ते कसे ओळखावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पनांची स्पष्टता

रंगाचे मुख्यतः दोन घटक असतात. पहिला रंगद्रव्य, म्हणजे रंग देणारी बारीक पूड, आणि दुसरा बंधक, म्हणजे ही पूड पृष्ठाला चिकटवून ठेवणारा पदार्थ. तैलरंगात जवसाचे तेल, जलरंगात बाभळीच्या जातीचा डिंक आणि ॲक्रिलिक रंगात कृत्रिम राळेचे पाण्यातील पायस हे बंधकाचे काम करतात. रंगद्रव्याचे कण सामान्यतः एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात. वाळूचा मध्यम कण पाव ते अर्धा मिलिमीटरचा असतो. म्हणजे वाळूचा एक कण रंगद्रव्याच्या कणापेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो.

हा फरक केवळ आकाराचा नाही. रंगद्रव्याचा कण बंधकात तरंगतो, त्यात पूर्णपणे बुडून जातो. वाळूचा कण बंधकात बुडत नाही. तो आपल्या शेजारच्या कणावर टेकतो आणि बंधक त्या दोन कणांच्या मधली फट भरतो. येथे रंगाचे स्वरूप बदलते. तो लेप न राहता गिलावा होतो. गवंडी वाळू आणि चुना किंवा सिमेंट यांचा जो माल कालवतो, त्याच जातीचे हे मिश्रण आहे. या मिश्रणाला लागू होणारे नियम चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतात. गवंड्याला मात्र ते अनुभवाने ठाऊक असतात.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

वाळूयुक्त पृष्ठावर चित्र काढण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रे उघड्या खडकावर काढलेली नाहीत. बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर आधी मातीचा जाड लेप दिलेला आहे. त्या मातीत वाळूसारखे खनिज कण, भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आढळतात. त्यावर अधिक बारीक मातीचा थर, मग पांढरे अस्तर आणि ते वाळल्यावर बंधकात कालवलेले रंग असा क्रम आहे. कणांमुळे माती वाळताना फारशी आकसत नाही आणि धाग्यांमुळे ती तडकत नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील चित्रे आजही भिंतीवर आहेत, याचे श्रेय चित्रकाराइतकेच हा लेप देणाऱ्या कारागिराला आहे. येथे वाळू दृष्टीआड आहे. तिचे काम आधार देण्याचे आहे, दिसण्याचे नाही.

दुसरी परंपरा रांगोळीची. शिरगोळ्याची पूड, किंवा कोकणात भाताचे तूस जाळून केलेली पूड, ही रांगोळीची मूळ सामग्री. रंगीत रांगोळीत याच पुडीत रंग चोळून मिसळतात. म्हणजे येथे रंगात कण मिसळण्याऐवजी कणांना रंग दिला जातो. रांगोळीत बंधक नसतो. कण केवळ आपल्या वजनाने जमिनीवर राहतो. म्हणूनच रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते आणि त्याचे कोणाला दुःख होत नाही, कारण टिकणे हा तिचा करारच नसतो. कॅनव्हासवरील चित्राचा करार वेगळा आहे. ते भिंतीवर लागते, संग्रहात जाते, कधी विकत घेतले जाते. तेथे कण धरून ठेवण्याची जबाबदारी चित्रकारावर येते.

आधुनिक युरोपीय चित्रकलेत वाळू ठळकपणे आली ती १९१२ च्या सुमारास, घनवादी चित्रकार जॉर्ज ब्राक याच्या हातून. ब्राकच्या घरात घररंगकामाचा आणि सजावटीचा व्यवसाय होता आणि त्याने स्वतःही त्याचे रीतसर शिक्षण घेतले होते. लाकडाच्या रेषांचा आभास निर्माण करणे, संगमरवराची नक्कल करणे अशा युक्त्या त्याला कारागिरीतून अवगत होत्या. रंगात वाळू मिसळण्यामागे चित्र केवळ पाहण्याचे न राहता स्पर्शाने जाणवावे ही त्याची भूमिका होती. पाब्लो पिकासो यानेही ही पद्धत स्वीकारली. आंद्रे मासाँ याने १९२६-२७ मध्ये कॅनव्हासवर गोंद ओतून त्यावर वाळू पेरली, न चिकटलेली झटकून टाकली आणि उरलेल्या आकारांवर रेषा व रंग चढवले. ‘माशांची लढाई’ हे त्याचे १९२६ चे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पुढे जाँ द्युब्युफे याने १९४५-४६ च्या सुमारास वाळू, खडी आणि डांबर यांचे जाड थर वापरले. जॅक्सन पोलॉक याने वाळू आणि काचेचे तुकडे रंगात घेतले, तर बार्सिलोनाच्या अंतोनी तापिएस याने संगमरवराची पूड आणि वाळू यांच्या साहाय्याने भिंतीसारखी चित्रे केली.

येथे एक प्रतिउदाहरण लक्षात घेणे उद्बोधक ठरेल. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांतील पोत हा आधुनिक भारतीय चित्रकलेतील अत्यंत समृद्ध पोतांपैकी एक मानला जातो. तो त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढवून आणि काढून साधला. अर्थात, पोतासाठी वाळू अपरिहार्य नाही. ज्याला वाळू वापरायची आहे त्याने ती का वापरायची, याचे उत्तर स्वतःला दिले पाहिजे. ‘चित्र खरखरीत दिसावे म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘या किनाऱ्याचे द्रव्य या चित्रात असावे म्हणून’ हे उत्तर अधिक सबळ आहे, परंतु त्या उत्तराबरोबर त्या द्रव्याची ओळख करून घेण्याचे दायित्वही येते.

४. किहीमच्या वाळूची घडण

‘वाळू म्हणजे गारगोटीचा चुरा’ ही समजूत पुस्तकांतून दृढ झालेली आहे. ग्रॅनाइटी खडकांच्या प्रदेशात ती बरीचशी खरी आहे. रायगड किनाऱ्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. हा प्रदेश दख्खनच्या पठाराच्या अग्निजन्य खडकांचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते. त्यात फेल्डस्पार, पायरॉक्सीन आणि लोहाची काळी खनिजे असतात. खडकातील पोकळ्यांत मागाहून साचलेली गारगोटी आणि अकीक झिजून वाळूत येतात, पण त्यांचे प्रमाण मर्यादित असते. म्हणून या किनाऱ्याची वाळू पांढरीशुभ्र नसून राखी-तपकिरी दिसते.

या वाळूत साधारणपणे तीन प्रकारचे कण ओळखता येतात आणि त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. पहिला, बेसाल्टचे आणि त्यातील खनिजांचे करडे कण. दुसरा, मॅग्नेटाइटचे जड काळे कण. कागदावर कोरडी वाळू पसरून कागदाखालून साधा लोहचुंबक फिरवला की हे कण चुंबकामागे रांगेने धावू लागतात. गारगोटीची घनता २.६५ असते, मॅग्नेटाइटची सुमारे ५.२. त्यामुळे लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड काळे कण मागे ठेवतात. किनाऱ्यावर दिसणाऱ्या काळसर पट्ट्यांचे कारण हेच. तिसरा प्रकार शिंपल्यांच्या तुकड्यांचा. हे कॅल्शियम कार्बोनेट असते आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच त्यातून बुडबुडे येतात.

चित्रकाराच्या दृष्टीने या तिन्ही कणांचे वर्तन निराळे आहे. बेसाल्टचे कण कोनदार असल्याने एकमेकांत चांगले अडकतात. काळे कण जड असल्याने पातळ मिश्रणात तळाशी बसतात. म्हणून मिश्रण दाट ठेवावे लागते. शिंपल्यांचे तुकडे चपटे असतात. ते आडवे बसतात आणि प्रकाश पडला की चमकतात. अशा प्रकारे चाळण आणि लोहचुंबक या दोनच साधनांनी एका किनाऱ्याच्या वाळूतून करडा, काळा आणि पांढरट असे तीन स्वतंत्र पोत वेगळे काढता येतात. हे वैविध्य बाजारातील तयार ‘टेक्स्चर पेस्ट’मध्ये मिळत नाही.

५. मीठ : दृष्टीआडचा घटक

किनाऱ्याच्या वाळूतील चौथा घटक डोळ्यांना दिसत नाही आणि नुकसान मात्र तोच करतो. तो म्हणजे मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाळू वाळते तेव्हा पाणी उडून जाते आणि क्षार कणांवर राहतात. समुद्राची वाळू बांधकामाला चालत नाही, तिने भिंतीला लोणा लागतो, हे कोकणातल्या कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. चित्राला लागणारी पांढरी झाक ही बहुधा बुरशी नसून हा लोणाच असतो.

त्यामागील क्रिया अशी. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील पाणी शोषून विरघळते. आर्द्रता त्याखाली उतरली की ते पुन्हा स्फटिकरूप होते. समुद्री क्षारातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलावा ओढून घेते. कोकणात पावसाळ्यात हवा ही मर्यादा सतत ओलांडून असते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात ती वारंवार या मर्यादेच्या वर-खाली होते. प्रत्येक वेळी मीठ विरघळते, थरातील सूक्ष्म छिद्रांतून सरकते आणि पुन्हा गोठते. गोठताना वाढणारा स्फटिक आजूबाजूच्या थरावर दाब देतो. एका आवर्तनाने काही बिघडत नाही, पण शेकडो आवर्तनांनी बंधक आणि कण यांच्यातील पकड सुटते. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत जे चित्र वर्षानुवर्षे शाबूत दिसेल, तेच किहीमच्या घरात लवकर सोलू लागते, ते यामुळे.

यावरील उपाय सोपा आहे. वाळू गोड्या पाण्यात ढवळावी, पाणी ओतून द्यावे आणि असे अनेकदा करावे. किती वेळा, याचे उत्तर अंदाजाने देण्याऐवजी रसायनशास्त्र विभागाकडून घ्यावे. शेवटच्या धुण्याचे थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले असता पांढरा गढूळपणा आला, तर क्लोराइड अद्याप शिल्लक आहे असे समजावे. नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असते, म्हणून शेवटची धुणी ऊर्ध्वपातित पाण्याने करावी आणि परीक्षा त्याच पाण्याची घ्यावी. पदवीच्या प्रथम वर्षाचा विज्ञान-विद्यार्थी ही परीक्षा पाच मिनिटांत करून दाखवू शकतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला मात्र ती कोणी सांगितलेली नसते.

६. बंधकाचे प्रमाण

वाळूत किती बंधक घालावा, हा यानंतरचा प्रश्न. एक भांडे वाळूने काठोकाठ भरले तरी ते पूर्ण भरलेले नसते. साधारण एकसारख्या आकाराच्या सैल कणांमध्ये सुमारे ४० टक्के जागा रिकामी असते. म्हणजे १०० मिलिलिटर वाळूतील फटी भरण्यास सुमारे ४० मिलिलिटर कोरडा, घट्ट झालेला बंधक लागतो. ॲक्रिलिक माध्यमात साधारण निम्मे पाणी असते आणि ते वाळताना उडून जाते. तेव्हा ४० मिलिलिटर कोरडा बंधक मिळवण्यासाठी सुमारे ८० मिलिलिटर ओले माध्यम घ्यावे लागते. यावरून वाळू आणि माध्यम सम प्रमाणात घेणे ही सुरक्षित सुरुवात ठरते. वाळू दुप्पट घेतली तर १०० मिलिलिटर वाळूच्या वाट्याला ५० मिलिलिटर ओला, म्हणजे २५ मिलिलिटर कोरडा बंधक येतो. फटींचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग रिकामाच राहतो. असा थर बोट फिरवताच झडतो आणि हवेतील ओलाव्याला आत वाट देतो.

बारीक वाळूला अधिक बंधक लागतो, हेही ध्यानात ठेवावे. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच घनफळाच्या वाळूचे एकूण पृष्ठफळ दुप्पट होते आणि ते सर्व पृष्ठ बंधकाने माखावे लागते. उलट, जाड व बारीक कण योग्य रीतीने एकत्र केले की बारीक कण जाड कणांमधल्या फटी भरतात आणि बंधक कमी पुरतो. गवंडी निव्वळ बारीक वाळू नाकारतो आणि मिश्र कणांची वाळू पसंत करतो, त्यामागील तत्त्व हेच आहे.

बंधकाची निवडही महत्त्वाची आहे. जलरंगाचा डिंक वाळल्यावर ठिसूळ होतो, तो वाळूचे वजन पेलत नाही. लाकूडकामाचा पांढरा गोंद स्वस्त आणि बळकट असला तरी ओलाव्याने मऊ पडतो, म्हणून किनारी हवेत तो दुय्यम ठरतो. तैलरंगाचा जाड थर वरून आधी वाळतो, आतून मऊ राहतो आणि सुरकुततो. म्हणून तेलात वाळू वापरायची तर थर पातळ हवेत आणि त्यांमध्ये पुरेसा अवधी हवा. या सर्वांत ॲक्रिलिक माध्यम अधिक लवचीक आणि ओलाव्याला अधिक दाद न देणारे आहे.

७. मिसळणे आणि पेरणे

कोरडी वाळू फिकट दिसते आणि भिजली की गडद होते, हा अनुभव सर्वांचा आहे. कोरड्या कणांमध्ये हवा असते. कण आणि हवा यांच्या वक्रीभवनांकात मोठा फरक असल्याने प्रकाश कणांच्या पृष्ठावरूनच विखुरला जातो आणि वाळू उजळ दिसते. फटींत पाणी शिरले की हा फरक कमी होतो, प्रकाश अधिक खोल जातो आणि अधिक शोषला जातो. ॲक्रिलिक बंधक याबाबतीत पाण्याच्याही पुढे आहे, कारण त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४९, म्हणजे खनिजांच्या अधिक जवळचा असतो. पाणी वाळते, बंधक मात्र फटींत कायमचा राहतो. परिणामी पारदर्शक माध्यमात कालवलेली वाळू कायमची ओली दिसते.

दुपारच्या उन्हात दिसलेला पुळणीचा फिकट राखी रंग चित्रात उतरत नाही, ही तक्रार यामुळेच उद्भवते. यावर उपाय म्हणजे मासाँची पद्धत. माध्यमाचा थर ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू पेरावी, हलके दाबावी आणि वाळल्यावर सैल कण झटकावेत. कणांचा तळ बंधकात रुततो आणि माथा उघडा, कोरडा राहतो. मिसळलेली वाळू ओहोटीच्या ओल्या किनाऱ्यासारखी आणि पेरलेली वाळू भरतीरेषेवरच्या कोरड्या पुळणीसारखी दिसते. पहिली अधिक टिकाऊ, दुसरी रंगाने अधिक खरी. दोहोंपैकी कोणती घ्यावी हा कलात्मक निर्णय आहे, पण तो जाणून घेतलेला असावा.

८. आधारफलक आणि वजन

वाळूचे वजन हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. ६० × ९० सेंटिमीटरच्या फलकावर २ मिलिमीटर जाडीचा थर दिला तर त्याचे घनफळ १,०८० घनसेंटिमीटर होते. त्यात सुमारे ६० टक्के बेसाल्टी कण धरले तर केवळ वाळूचे वजन पावणेदोन किलोंहून अधिक आणि बंधकासह थराचे वजन सव्वादोन किलोंच्या आसपास जाते. ताणलेला कॅनव्हास एवढ्या वजनाने झोळ खातो. शिवाय कॅनव्हास हलता-लवता असतो आणि वाळूचा थर ताठ. या दोहोंच्या भांडणात थराला भेगा पडतात. म्हणून कॅनव्हास प्लायवूडवर चिकटवून घ्यावा किंवा थेट प्लायवूडवर अस्तर देऊन काम करावे. जाड थर एकदम न देता दोन-तीन पातळ थरांत द्यावा. गिलाव्यातही पहिला हात आणि दुसरा हात असे टप्पे असतात, ते याच कारणाने.

९. महाविद्यालयीन प्रयोगाची आखणी

वरील विवेचन विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे, यासाठी पुढील प्रयोग सुचवावासा वाटतो. १० × १५ सेंटिमीटरचे सहा प्लायवूडचे तुकडे घ्यावेत. पहिल्यावर केवळ रंग लावावा. दुसऱ्यावर न धुतलेली वाळू सम प्रमाणात मिसळून लावावी. तिसऱ्यावर धुतलेली वाळू सम प्रमाणात, चौथ्यावर दुप्पट आणि पाचव्यावर तिप्पट मिसळावी. सहाव्यावर धुतलेली वाळू पेरावी. रंग, माध्यम आणि थराची जाडी सर्वत्र सारखी असावी, म्हणजे दिसणारा फरक कशामुळे आहे हे निश्चित सांगता येईल. प्रत्येक तुकड्याच्या मागे तारीख आणि प्रमाण लिहावे.

एका आठवड्याने प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी दाबून ओढावी आणि निघालेले कण मोजावेत. त्यानंतर खरी परीक्षा पावसाळ्याची. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, ही येथे सोयीची गोष्ट आहे. तुकडे वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावेत आणि दर महिन्याला त्यांची नोंद घ्यावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यांतील तफावत ही मिठाची तफावत असेल, तिसऱ्या ते पाचव्या तुकड्यांतील तफावत ही बंधकाची असेल. वाळू चाळताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ती ओली चाळावी किंवा नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

१०. वाळू किती घ्यावी

किनारा ही कोणाची खाजगी मालमत्ता नाही आणि म्हणूनच ती कोणीही कितीही न्यावी अशीही नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी किनाऱ्यावरील वाळूच्या उत्खननावर बंधने घातलेली आहेत. विद्यार्थ्याची ओंजळ म्हणजे उत्खनन नव्हे, हे खरे. परंतु तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाने मागील विभागात मांडल्याप्रमाणे मोठे फलक केले तर पन्नास किलोंहून अधिक वाळू लागेल आणि दरवर्षी तेवढीच लागत राहील. याउलट, सहा गटांनी वरील प्रयोग केला, तर प्रत्येक तुकड्याला जास्तीत जास्त ३० मिलिलिटर याप्रमाणे सर्व मिळून एक लिटरच्या आसपास वाळू पुरते. शिकण्यासाठी एक लिटर पुरत असेल तर पन्नास किलो नेण्याचे समर्थन करता येत नाही. मोठ्या कामात आतले थर बांधकामाच्या कृत्रिम वाळूचे आणि केवळ सर्वांत वरचा पातळ थर किनाऱ्याच्या वाळूचा ठेवणे हा मध्यममार्ग आहे. अजिंठ्याच्या कारागिरानेही जाड थर आणि वरचा थर यांची सामग्री वेगळी ठेवली होती.

११. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. रंगात वाळू मिसळणे ही केवळ अलंकरणाची युक्ती नाही. त्या क्षणी चित्राचे द्रव्य बदलते आणि ते गिलाव्याच्या कुळात जाते. किहीमच्या किनाऱ्याची वाळू बेसाल्ट, लोहखनिजे आणि शिंपले यांची बनलेली असल्याने दृश्यदृष्ट्या समृद्ध आहे, पण तिच्यासोबत येणारे मीठ काढून टाकल्याखेरीज ती चित्रात टिकत नाही. बंधकाचे प्रमाण, आधारफलकाचा ताठरपणा आणि थरांचा क्रम या बाबी अंदाजावर सोडण्यासारख्या नाहीत. त्या मोजता येतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि विज्ञान, तसेच बौद्धिक आणि व्यावसायिक शिक्षण यांमधील भिंती शिथिल करण्याचा आग्रह धरला आहे. महाविद्यालयांत हा आग्रह बहुधा श्रेयांकांच्या तक्त्यापुरता राहतो. येथे मांडलेला लहानसा विषय मात्र चित्रकलेचा विद्यार्थी, भूगोलाचा अध्यापक, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि गावातला गवंडी यांना एका टेबलाभोवती आणू शकतो. त्यांपैकी गवंड्याला आपण आजवर महाविद्यालयात बोलावले ते भिंत दुरुस्त करण्यासाठी. वाळू कशी पारखावी, कशी धुवावी आणि माल कसा कालवावा, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठीही त्याला बोलवावे आणि त्या तासाचे मानधन इतर कोणत्याही अतिथी व्याख्यात्याइतकेच द्यावे. किहीमची पुळण चित्रात किती काळ राहील, हे बऱ्याच अंशी त्या एका तासावर अवलंबून आहे.